अकरावीच्या अंकातली माझी ओळ

आठवीत मला विषमज्वर झाला. त्यात माझे केस गेले, शाळेचं एक वर्ष गेलं आणि धाकटी बहीण विमल माझ्याच वर्गात आली. केस पुढे परत आले. विमल मात्र मॅट्रिकपर्यंत बाकावर माझ्या शेजारीच बसून राहिली.

एका वर्गात दोन बहिणी असल्या की लोक न सांगता त्यांची वाटणी करतात. आमच्या वाटणीत विमलकडे विनोद गेला आणि माझ्याकडे गुण आले. कल्याणला पारनाक्याजवळ म्हात्र्यांच्या घरात आम्ही भाड्यानं राहत होतो. संध्याकाळी पडवीत बसलं की घरमालकीण म्हात्रेकाकू विमलच्या गप्पा ऐकून पदर तोंडाला लावायच्या आणि म्हणायच्या, "अगो बाय, ही पोर मना हासवून मारल एक दिस." मग त्यांचं लक्ष माझ्याकडे जायचं. "आन ही मोठी गो? ही लय गुणाची हाय." गुणाची म्हणजे जिच्याबद्दल दुसरं काही बोलण्यासारखं सापडत नाही अशी मुलगी, हे मला फार लहानपणीच कळलं होतं.

विमल काही फार वेगळं बोलायची असंही नाही. तेच तिनं म्हटलं की लोक हसत, आणि मी म्हटलं की माझ्या कपाळाला हात लावून पाहत. (विषमज्वराची भीती घरात बरीच वर्षं टिकली.) एकदा भूमितीच्या तासाला सरांनी विचारलं, "विमल, समांतर रेषा म्हणजे काय?" ही उभी राहिली आणि म्हणाली, "एकाच कागदावर राहतात, पण कधी जुळत नाहीत. आमचे अप्पा आणि काका, सर." वर्ग तर हसलाच, पण सरांनाही फळ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभं राहावं लागलं.

मी मनात म्हटलं, अप्पा आणि काका तर माझेही आहेत. उलट मी त्यांना हिच्यापेक्षा जास्त दिवस ओळखते. त्याच दिवशी जेवताना मी पानावर सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "अप्पा, तुम्ही आणि काका अगदी समांतर रेषा आहात."

अप्पांनी घास खाली ठेवला. "म्हणजे जुळवून मी घेत नाही, असं म्हणायचंय तुला?"

"तुम्हाला नाही, ती मला म्हणतेय," काका म्हणाले. काका म्हणजे अप्पांचे धाकटे, बिनलग्नाचे भाऊ. शहाडच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते आणि आमच्याकडेच राहायचे.

"तुला कशाला म्हणेल ती? तू कधी चुकतोस का?"

तिथून जे सुरू झालं ते गावच्या घराच्या आंब्याच्या झाडापर्यंत गेलं आणि ताकभात होईपर्यंत तिथेच अडकलं. आई मला म्हणाली, "कमल, तू तरी गुणाची ना? मग कशाला आग लावतेस?" विमल मान खाली घालून जेवत होती. तिचे खांदे हलत होते.

अशी आमच्या घरची परिस्थिती असताना आम्ही अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात गेलो आणि शाळेत दातार सर आले.

दातार सर नुकतेच मुंबईच्या कॉलेजातून पदवी घेऊन आलेले. पँट घालायचे, मराठी शिकवायचे आणि शाळेचा वार्षिक अंक त्यांच्याकडे दिलेला होता. त्यांनी कॉलेजच्या एका इंग्रजी अंकात पाहिलं होतं की शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे त्याची स्वतःची एक गमतीदार ओळ छापतात. ते त्यांच्या मनात भरलं होतं.

"आपल्याही अंकात अकरावीच्या वर्गाच्या फोटोखाली सगळ्यांची नावं येतील," सर म्हणाले, "आणि प्रत्येक नावापुढे एक ओळ. स्वतःविषयी. वाचून हसू आलं पाहिजे. सुविचार नको."

निम्म्या वर्गानं लिहायला घेतलेली पेन्सिल खाली ठेवली.

विमलनं वहीचा कोपरा फाडला, त्यावर काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि तास संपायच्या आत सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. सरांनी उघडून वाचली आणि हसले.

"झालंसुद्धा?" मी विचारलं.

"हो."

"काय लिहिलंस?"

"ओळ."

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या पोटात जे काही पेटलं त्याला मत्सर हा शब्द फार सभ्य आहे. आजवर हिचा विनोद निदान बोलण्यापुरता होता. बोलली, लोक हसले, वाऱ्यावर गेला. आता तो छापून येणार होता. आणि नावं हजेरीपटाप्रमाणे लागणार, म्हणजे लिमये कमल वर आणि लिमये विमल तिच्या बरोबर खाली. जो कुणी तो अंक उघडेल, तो आधी माझी ओळ वाचणार, गप्प राहणार, मग तिची वाचणार आणि हसणार. हे सगळ्या कल्याणात, घरोघरी, कायमचं. मी ठरवलं की काही झालं तरी या एका ओळीत विमलला मागे टाकायचं.

आता विनोद करायचा म्हणजे काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी चूक केली आणि घरात विचारलं.

काका एकदम सरसावून बसले. स्वतःच्या विनोदबुद्धीवर त्यांचा भारी विश्वास होता. "सोपं आहे. तुझं नाव कमल. कमळ कुठे उगवतं? चिखलात. तू लिही, कमळ चिखलात उगवतं, मी कल्याणात उगवले."

"यात कल्याणचा अपमान होतो," अप्पा वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"पावसाळ्यात रस्त्यावर जाऊन बघा, होतो का ते."

"विनोद सात्त्विक असावा," अप्पांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "वाचणाऱ्याला हसता हसता चार चांगल्या गोष्टी कळाव्यात. कमल, तू लिही, हास्य हेच खरे आरोग्य."

"अप्पा, हा सुविचार झाला. सरांनी नको म्हटलंय."

"मग तुझे सर चुकतात."

आईच्या मनात निराळंच चाललं होतं. मॅट्रिक झाल्यावर माझ्यासाठी स्थळं बघायची होती. ती म्हणाली, "उद्या कुणी पाहायला आलं आणि अंक हातात घेतला तर? काहीतरी स्वयंपाकाचं घाल बाई. मला पुरणपोळी उत्तम येते, असं लिही."

"त्यात विनोद काय, आई?"

"तुला येत नाही, हाच विनोद."

विमल जमिनीवर लोळली. काकांनी मांडीवर थाप मारली. अप्पासुद्धा हसले, तेही अगदी सात्त्विक नव्हे. मी आईकडे बघतच राहिले. आजपर्यंत या घरात मला निदान आईची सोबत होती. आता तीही पलीकडे गेली.

गलका ऐकून म्हात्रेकाकू आल्या. काय चाललंय ते कळल्यावर म्हणाल्या, "लिही गो, मी जल्मात येकदाच हासले आन तवा ठसका लागला." त्यावर परत सगळे हसले. कल्याणात विनोद न येणारी मी एकटीच उरले असावे अशी मला शंका येऊ लागली.

दुसऱ्या दिवशी मी काकांची कमळाची ओळ सरांना दिली. घरी येईपर्यंत ती मला बरी वाटली, मग वाटेनाशी झाली. विमलनं नुसतं विचारलं होतं, "ताई, त्यात चिखल कोण गं? आई की अप्पा?" सकाळी जाऊन मी ओळ परत घेतली आणि अप्पांची दिली. ती मधल्या सुट्टीत परत घेतली. मग मी स्वतः एक तयार केली, ती दिली, आणि शाळा सुटताना सरांना गाठून तीही मागितली.

सरांनी ती खिशातून काढून माझ्या हातावर ठेवली. "कमल, ही ओळ आहे की नळाचं पाणी? आलं म्हणेपर्यंत जातं."

मागे उभी असलेली मुलं हसली. चला, सरांनाही जमलं.

"सर, विमलची ओळ काय आहे ते सांगाल का? म्हणजे मला अंदाज येईल."

"नाही. कुणाची ओळ कुणाला दाखवायची नाही, असं ठरलंय. आणि सगळा मजकूर आजच ठाण्याला छापखान्यात गेला. तुझीच राहिली. आता तूच तिथे नेऊन दे बाई, मी हात टेकले."

घरी मी विमललाच सरळ विचारलं. ती भाजी निवडत होती.

"सांग ना. मी काही चोरणार नाही."

"चोरलीस तरी चालेल," विमल म्हणाली. "पण तू ती सुधारशील."

मग मी काकांकडे गेले. आपली कमळाची ओळ परत घेतली गेली म्हणून काका रुसले होते, पण ती अजून शर्यतीत आहे असं सांगितल्यावर लगेच तयार झाले. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, विमल मैत्रिणीकडे गेलेली पाहून, आम्ही दोघं ठाण्याला गेलो. माझा बेत साधा होता. छापखान्यात जायचं, विमलची ओळ डोळ्यांनी बघायची आणि तिच्यापेक्षा वरचढ अशी आपली निवडून द्यायची. निवडायला माझ्याकडे दोन चिठ्ठ्या होत्या. एकीवर काकांचं कमळ होतं. दुसरीवर मी लिहिलेली, म्हणजे आईच्या विनोदावरून ढापलेली ओळ होती: "मला विनोद येत नाही, हाच माझा विनोद."

छापखाना तलावामागच्या एका बोळात होता. मालक बाहेर गेलेले. आत छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे एक वयस्कर गृहस्थ डबा उघडून बसले होते. बोटं शाईनं काळी म्हणून चमच्यानं भात खात होते.

काकांनी घसा साफ केला. "आम्ही कल्याणहून आलो. शाळेच्या अंकाबद्दल. मुलांच्या ओळी जरा बघायच्या होत्या."

"बघता यायच्या नाहीत," ते गृहस्थ म्हणाले. "मास्तरांनी बजावून सांगितलंय. एका मुलीची ओळ यायची राहिलीय. आली की तिच्या नावापुढे लगेच जुळवा, आणि बदलायला परत आली तर दारातूनच लावून द्या, म्हणाले. फार चंचल मुलगी आहे म्हणे."

"कोण हो?" काकांनी विचारलं. त्यांना खरंच कुतूहल वाटलं होतं. मी छताकडे बघत राहिले.

"नाव तिच्या कागदावर असेलच. ठेवा काय आणलंय ते टेबलावर. हात धुऊन बघतो."

आता करायचं काय? विमलची ओळ बघितल्याशिवाय यातली कुठली द्यावी ते कळेना, आणि न देता परत जावं तर नावापुढे नुसती रेघ छापून यायची. मग मला एक युक्ती सुचली आणि ती सुचली म्हणून मी स्वतःवर खूश झाले. ओळी ह्या गृहस्थांच्या पुढ्यातच होत्या. मला नसतील दाखवत, पण त्यांना तर दिसतच होत्या. निवड त्यांनीच करावी. मी तिथलाच एक कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात वर पूर्ण नाव लिहिलं, "कु. कमल सदाशिव लिमये, इयत्ता अकरावी," आणि खाली सूचना लिहिली: "विमलची ओळ पाहून मगच माझी ठरवावी." त्याच्याबरोबर त्या दोन चिठ्ठ्या ठेवल्या. त्या दोन्हींवर मी नाव घातलं नाही, कारण त्यातली माझी कुठली हेच अजून ठरायचं होतं.

घरी परत येताना काका म्हणाले, "कमळच घेतील बघ. माणूस जाणता दिसला."

माझं मन हलकं झालं होतं. पुढे परीक्षेचा अभ्यास लागला आणि ओळ डोक्यातून गेली.

परीक्षेच्या आधी शाळेत निरोपाचा समारंभ झाला. आम्ही सगळ्या पहिल्यांदाच घरच्या पातळांमध्ये आलो होतो. मी आईचं जांभळं नेसले होते आणि निऱ्या सुटू नयेत म्हणून श्वास बेतानं घेत होते. दातार सरांनी अंकांचा गठ्ठा आणला आणि बाकांवर वाटायला सुरुवात केली. पुढच्या बाकावरच्या मुलांनी फोटोचं पान काढलं. मग एक हसला, मग दुसरा, मग सगळे मागे वळून आमच्या बाकाकडे बघायला लागले.

मी पान उघडलं.

कु. कमल सदाशिव लिमये – विमलची ओळ पाहून मगच माझी ठरवावी.

कु. विमल सदाशिव लिमये – माझ्याविषयी काहीही विचारायचे असल्यास ताईला विचारा.

छापखान्यातल्या त्या शिस्तीच्या माणसानं नाव असलेला कागद घेतला होता, त्यावर जे लिहिलं होतं ते अक्षरन्‌अक्षर जुळवलं होतं आणि बिननावाच्या दोन चिठ्ठ्या बहुतेक केरात टाकल्या होत्या. माझा जो मत्सर मी इतकी वर्षं पोटात सांभाळून ठेवला होता, तो नावागावासकट, फोटोखाली, गुळगुळीत कागदावर छापला गेला होता.

आणि विमलची ओळ काय होती, तर "ताईला विचारा." हे ती दिवसातून दहादा म्हणायची. किल्ली कुठे, गृहपाठ काय, दूध का उतू गेलं, सगळ्याला एकच उत्तर, ताईला विचारा. एकटी वाचली असती तर ती ओळ बेताचीच होती. हिच्यासाठी मी ठाण्याला गेले होते.

पण ती एकटी नव्हती. वर माझी होती. माझी म्हणत होती विमलची बघा, विमलची म्हणत होती ताईला विचारा. वाचणारा वरून खाली यायचा, खालून परत वर जायचा आणि तिथेच फिरत राहायचा. हेडमास्तरांनी तर भाषण करताना अंक हातात घेतला, दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या, परत वाचल्या, आणि चष्मा काढून उपरण्यानं डोळे पुसले. आमच्या हेडमास्तरांना हसताना तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

"विमल," ते म्हणाले, "दोन्ही ओळी तुझ्याच ना? बिचाऱ्या ताईलाही ओढलंस."

विमल उभी राहिली. तिलाही काही कळलेलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग हेडमास्तरांकडे पाहिलं, आणि सवयीनं म्हणाली, "ताईला विचारा, सर."

सगळं सभागृह हसत सुटलं. आता सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगावं तर मी बहिणीवर जळून ठाण्यापर्यंत गेले हे जाहीर होणार. गप्प बसावं तर आयुष्यात चुकून झालेला माझा एकुलता एक विनोद विमलच्या खात्यावर जाणार. मी उभी राहिले, निऱ्या एका हातानं धरल्या आणि म्हणाले, "सर, माझी ओळ मीच लिहिली."

हेडमास्तरांनी माझ्याकडे फार प्रेमानं पाहिलं. "शाबास. बहिणीला सांभाळून घ्यावं तर असं."

"नाही सर, खरंच मीच लिहिली."

"गुणाची मुलगी आहे," ते दातार सरांना म्हणाले.

दातार सर माझ्याकडे एकटक बघत होते. मला वाटतं त्यांना सगळं कळलं होतं, पण अंकाचं कौतुक होत असताना तोंड उघडण्याइतके ते भोळे नव्हते.

घरी अंक आधीच पोचला होता. अप्पांनी तो शेजारीपाजारी वाचून दाखवला होता. "दोन्ही विमलच्याच," ते सांगत होते. "कमलला विचारून, तिच्या संमतीनं." मी म्हटलं, अप्पा, माझी माझीच आहे. अप्पा म्हणाले, "बरं बरं," आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

एक साक्षीदार होता, तो म्हणजे काका. मी त्यांच्याकडे धावले. "काका, तुम्ही सांगा. तुमच्यासमोर लिहिली मी."

काकांना कमळाचं फार लागलं होतं. ते खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, "विमलची नाही ती ओळ. मला माहीत आहे. ठाण्याला जाऊन मी स्वतः दिलीय छापखान्यात."

हे त्यांनी माझ्या बाजूनंच म्हटलं होतं. पण पडवीत बसलेल्या मंडळींनी त्याचा अर्थ त्यांच्या सोयीनं लावला. "अहो, म्हणजे तुम्ही लिहिलीत?" कुणीतरी विचारलं. काकांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मग मंडळींकडे पाहिलं. सगळे कौतुकानं बघत होते. काकांकडे असं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

"आता लिहिली म्हणजे," काका म्हणाले, "असंच आपलं. सुचलं."

दुसऱ्या दिवशी ते अंक शहाडला घेऊन गेले आणि आठवडाभर घेऊन जात राहिले. कारखान्यात त्यांना लग्नाच्या मंगलाष्टका लिहून देण्याची मागणी आली. म्हात्रेकाकू आईला म्हणाल्या, "तुमचं भावजी लय येगळं मानूस हाय. आमाला काय ठावं!" विमलच्या खात्यावरून माझा विनोद निघाला तो थेट काकांच्या खात्यावर जमा झाला, माझ्या दारावरून गेलासुद्धा नाही.

एक दिवस दुपारी विमल माझ्याजवळ येऊन बसली. काकांच्या कौतुकाला ती कंटाळली होती, हे मला दिसत होतं आणि मला त्याचा थोडा आनंदही होत होता.

"ताई, तू खरंच माझी ओळ बघायला ठाण्याला गेली होतीस?"

"हो."

"मला म्हणाली असतीस तर दाखवली असती मी."

"दाखवली नसतीस."

"नसती," विमल म्हणाली. मग दुसरीकडे बघत म्हणाली, "तुझी माझ्यापेक्षा बरी होती पण. मला सुचायला हवी होती."

हे वाक्य ऐकायला मी आठवीपासून थांबले होते. ते ऐकायला तिथे तिसरं कुणीही नव्हतं.

मॅट्रिकचा निकाल लागला, दोघी पास झालो आणि त्या थंडीत मला पाहायला डोंबिवलीचे मराठे आले. मुलगा मुंबईला विमा कचेरीत होता. बरोबर त्याची आई होती. मोठीला पाहायला आलं की धाकटीला शेजारी पाठवायची तेव्हा पद्धतच होती, आणि आमच्याकडे त्याला जरा जास्त कारण होतं. आईनं विमलला म्हात्रेकाकूंकडे बसवून ठेवलं आणि हसण्याचा आवाज इकडे आला तर याद राख, असं बजावलं.

अप्पांनी टेबलावर अंक ठेवला होता. मुलाच्या आईनं पुरणपोळीचं विचारलं, येते असं मी सांगितलं. (त्या दिवशी आईला हसू आलं नाही.) मुलानं अंक उचलला आणि फोटोचं पान काढलं. अप्पा खुर्चीत पुढे सरकले. काकांनी चेहरा नम्र करून ठेवला.

मुलानं माझी ओळ वाचली. मग विमलची वाचली. मग परत माझी. त्याच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. शेवटी त्यानं मान वर करून मला विचारलं, "मग पुढे काय ठरलं?"

"कशाचं?" मी म्हटलं.

"तुमच्या ओळीचं. बहिणीची पाहून ठरवावी, असं इथे लिहिलंय. छापणाऱ्यांनी ठरवली नाही वाटतं."

"अहो, तो विनोद आहे," काका म्हणाले.

"असं होय," मुलानं परत पानात पाहिलं. "कुठे?"

अप्पा खाली बघायला लागले. मला मात्र त्या खोलीत एकदम उजेड पडल्यासारखं वाटलं. साऱ्या कल्याणात त्या ओळीचा खरा अर्थ कळलेला तो पहिला माणूस होता. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हा असा माणूस होता की ज्याला विमलसुद्धा हसवू शकणार नव्हती. पाहुणे गेल्यावर आईनं भीत भीत विचारलं, "जरा गंभीरच वाटला, नाही गं?" मी म्हटलं, मला पसंत आहे.

लग्न झालं आणि मी डोंबिवलीला आले. पहिला महिना फार शांततेत गेला. हे कचेरीतून यायचे, चहा घ्यायचे, दिवसभरात काय झालं ते क्रमवार सांगायचे. कुणी हसत नव्हतं, त्यामुळे माझं काही अडत नव्हतं. मग एका रविवारी विमल आम्हाला भेटायला आली. मी निर्धास्त होते. इतकी की चहा देताना मीच एक विनोद करून पाहिला.

"आमच्या डोंबिवलीत ना विमल," मी म्हटलं, "रस्त्यावर दिवे कमी आणि डास जास्त."

"खरं आहे," हे म्हणाले. "मी त्याबद्दल अर्ज केलाय."

विमलनं कप खाली ठेवला. "भाऊजी, अर्ज कशाबद्दल केलात? दिवे कमी पडतात म्हणून, की डास कमी पडतात म्हणून?"

ह्यांनी तिच्याकडे पाहिलं. बशी अधांतरी थांबली. मग ह्यांचे खांदे हलले, चहा धोतरावर सांडला, ठसका लागला, आणि हे हसले. ह्यांचे सगळे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. बराच वेळ हसून झाल्यावर चष्मा पुसत हे माझ्याकडे वळले आणि काळजीनं म्हणाले, "अगं, तू गप्प का? तुला कळला नाही वाटतं. थांब, समजावून सांगतो."

आणि ह्यांनी तो मला पहिल्यापासून समजावून सांगितला.